दानीची चाळीस मिनिटं

शुक्रवारी संध्याकाळी दानी साळवे आमच्या दिवाणखान्यात येऊन आईचं कॅलेंडर बघायचा. त्याच कॅलेंडरवर आई एकादशी, चतुर्थी आणि गॅसचा सिलिंडर कधी लावला ते बघायची. हा ख्रिस्ती पोरगा सूर्यास्त बघायचा. छापलेली वेळ मुंबईची, म्हणून बडोद्यासाठी ऋतू बघून स्वतःच्या हिशेबाने चार-पाच मिनिटं कमी-जास्त धरायचा. मग वर जाऊन मोबाइल बंद करायचा, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायचा आणि शनिवारचा सूर्य मावळेपर्यंत त्या डब्याला हात लावायचा नाही.

दानी मूळचा नगरकडचा. वाघोडियाच्या कारखान्यात माझ्याच विभागात यंत्रदुरुस्तीला लागला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. राहायला जागा नव्हती म्हणून मी त्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घरी, वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून आणला. त्याच्या पंथाचा विश्रांतीचा दिवस रविवार नसून शनिवार. त्या दिवशी काम नाही, खरेदी नाही, टीव्ही नाही. साहेबांना त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की रविवारी, दिवाळीला, कुणाचीही पाळी करीन, पण शनिवारी माझं नाव धरू नका. शनिवारचं जेवण शुक्रवारीच रांधलेलं, कपडे इस्त्री केलेले, बूट चकचकीत. आई म्हणायची, "दीकरा, तुझं तर माझ्या सोवळ्यापेक्षा कडक आहे."

इतका सरळ माणूस घरात असल्यावर त्याला छळल्याशिवाय राहवतं थोडंच? शनिवारी मी मुद्दाम खालून हाक मारायचो, की जरा स्कूटरचा प्लग बघ. तो खिडकीतून डोकं काढून एकच प्रश्न विचारायचा, "बैल पडलाय का हिरीत?" विश्रांतीच्या दिवशीसुद्धा बैल विहिरीत पडला तर मालक त्याला बाहेर काढतोच, अशी येशूची शिकवण. जीव अडला असेल तर नियम बाजूला, एरवी नाही. माझी स्कूटर बैलात बसत नव्हती. शेजारच्या शारदाबेनना एका शनिवारी दम लागला, तेव्हा मात्र कुणी सांगायच्या आत हा रिक्षा घेऊन आला आणि दिवसभर दवाखान्यात बसला. परत आल्यावर मला म्हणाला, "बैलच होता." शारदाबेनना हे आम्ही कधी कळू दिलं नाही.

त्या वर्षी आमच्या अप्पांची उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. अप्पा रेल्वेत मालगाडीचे गार्ड. त्यांची हाक शेवटच्या डब्यापासून इंजिनापर्यंत पोचते, असं त्यांचे मित्र म्हणायचे. आमच्यापर्यंत तर ती पोचायचीच. डॉक्टरांनी बजावलं होतं की रोज कुणीतरी जवळ बसा, बोला, शब्द परत येतील. पण उशीर केलात तर येतीलच असं नाही. आई तिचं काम उरकता उरकता बोलायची. मी? मी सकाळची पाळी संपली की ओव्हरटाइम मागून घ्यायचो. त्यांच्या तोंडून नुसता घरघर आवाज निघताना मला बघवत नव्हतं. येता-जाता "काय अप्पा, बरं ना?" एवढं विचारून मी आत सटकायचो. असे सात महिने गेले.

शनिवारी दुपारी दानी त्यांच्याजवळ बसतो, हे मला माहीत होतं. दोघं काय करतात म्हणून एकदा दाराआडून पाहिलं. काहीच करत नव्हते. दानी खुर्चीत, अप्पा खाटेवर, आणि दोघं मिळून वळचणीतलं कबुतर बघत होते.

मग श्रावणातला तो शनिवार. सकाळपासून आभाळ गच्च भरलेलं, सूर्य कुठे आहे याचा पत्ता नाही. मला सेव-उसळ खायची हुक्की आली होती आणि एकट्याने जायचा कंटाळा. दानीचा मोबाइल डब्यात, मनगटी घड्याळ तो वापरायचा नाही. सगळी भिस्त आमच्या भिंतीवरच्या घड्याळावर. मी स्टुलावर चढून काटे चाळीस मिनिटं पुढे सरकवले. अप्पा खाटेवरून बघत होते. ते काही बोलणार नाहीत, म्हणून मी निर्धास्त होतो. त्या निर्धास्तपणाची मला आजही लाज वाटते.

दानी खाली आला, घड्याळ पाहिलं, कॅलेंडर पाहिलं आणि मोबाइलसाठी परत वर न जाता माझ्याबरोबर खुशीत निघाला. सयाजीगंजात गाडीवर आम्ही दोन-दोन प्लेटी मागवल्या. वर कळस म्हणजे पैसेही मी त्यालाच द्यायला लावले. शेवटचा पाव त्याच्या तोंडात असताना ढग फाटले आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवर सूर्य येऊन बसला. चांगला हातभर वर होता. दानीने सूर्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घास शांतपणे गिळला.

"किती सरकवलंस?"

"चाळीस मिनिटं."

"काकांच्या समोर?"

मी मान डोलावली. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, "माझी चाळीस मिनिटं घेतलीस. पुढच्या शनिवारी तुझी मी घेणार. काकांजवळ बसायचं. मोबाइल डब्यात."

मी म्हटलं, नुसतं बसून काय होणार? तेव्हा तो जे बोलला ते मी विसरलेलो नाही. "नंद्या, सात महिने झाले, काका हिरीतच हायेत. तू वरनं डोकावून जातोस, बस."

पुढच्या शनिवारी मी बसलो. वर्तमानपत्र नाही, औषधाची विचारपूस नाही, अशी दानीची ताकीद होती. सातव्या मिनिटाला मला पंखा जरा कमी करावासा वाटला. उठलो तर दारातून आवाज आला, "बैल पडलाय का हिरीत?" आणि माझ्यामागे खाटेवर अप्पा हसले. वाकड्या तोंडाने, खरखरत, पण हसले. मी परत बसलो. कबुतर आलं, गेलं. मी अप्पांना घड्याळाचा गुन्हा कबूल केला, मग लहानपणचे आणखी दोन-तीन केले. शेवटी त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं, बराच वेळ ओठ जुळवले आणि म्हणाले, "बैल."

स्वयंपाकघरातून आई हात न पुसताच धावत आली. तो शब्द माझ्यासाठी होता, हे मी तिला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी दानी आईवडिलांकडे नगरला परत गेला. जाताना आईने त्याला ते कॅलेंडर देऊ केलं. त्याने घेतलं नाही, म्हणाला, काकू, तुमची एकादशी चुकेल. शनिवारची खुर्ची तेव्हापासून माझ्याकडे आहे. चाळीस मिनिटं कधीच फिटली, पण मी बसतो.

गेल्या शनिवारी चुकून मोबाइल खिशात राहिला. कारखान्यातून फोन आला, मी उठायला लागलो. अप्पांनी डावं बोट उचललं. हा बडोद्यात जन्मलेला माणूस, आयुष्यभर स्वच्छ 'विहीर' म्हणत आलेला. एकेक शब्द जुळवत त्यांनी विचारलं, "बैल... पडलाय का... हिरीत?"

मी फोन बंद केला आणि खाली बसलो.