सात पोरं आणि एक चष्मा

दिवाळी झाली की माझे दीर-जाऊ ऊस तोडायला कराडकडे निघायचे आणि त्यांची चार पोरं माझ्याकडे राहायची. माझी स्वतःची तीन. म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत घरात सात पोरं, मी आणि नवरा. पूर्वी आम्ही दोघंही कोयता घेऊन जायचो. तिसऱ्या बाळंतपणानंतर माझी कंबर गेली. मोळी डोक्यावर घेतली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग दोघा भावांनी ठरवलं, एका जोडीनं जायचं, एकीनं पाथर्डीतच राहून सगळ्या पोरांची शाळा बघायची. माझ्या वाट्याला शाळा आली. लोक म्हणायचे, सुटलीस. मला तसं कधी वाटलं नाही.

नवरा पाथर्डीत गवंड्याच्या हाताखाली जायचा. कधी काम असायचं, कधी नसायचं. मी पहाटे उठून भाकरी थापायला बसायचे. पंचवीस-तीस भाकरी होईपर्यंत उजेड व्हायचा आणि कंबर चुलीपुढंच राहून जायची. आदल्या दिवशीची उरली तर कुस्करून, कांदा आणि तिखट घालून त्याची न्याहारी. साबणाची वडी मी दोऱ्यानं कापून तीन तुकडे करायचे, नाहीतर पोरं अख्खी वडी पाण्यात विरघळवायची. डोक्याला तेल फक्त रविवारी. कपडे शिवायचे तर बाजारातून एकच कापड आणायचं, त्यातच पोरांचे शर्ट, त्यातच पोरींचे फ्रॉक. एका वर्षी निळ्या चौकड्यांचं आणलं. शाळेतले सर हसून म्हणाले, "ताई, तुमच्या घरचं बँडपथक आलं बघा." मीही हसले. पण घरी आल्यावर थोरलीनं तो फ्रॉक काढून कोपऱ्यात टाकला, तो दोन दिवस उचलला नाही.

काही मागितलं की माझ्या तोंडातून एकच शब्द यायचा. बघू. वही संपली, बघू. चप्पल तुटली, बघू. नाही म्हणण्याचं त्राण नसायचं म्हणून बघू म्हणायचे. पोरांनाही कळलं होतं त्याचा अर्थ काय.

दिरांची तिसरी मुलगी तेव्हा चौथीत होती. शांत, बारीक अंगाची. हंडा उचलायचं बळ नव्हतं म्हणून मी तिला टँकर बघायचं काम दिलं होतं. फेब्रुवारीपासून आमच्या वस्तीला टँकर. तो विहिरीत पाणी ओतायचा आणि जो आधी पोचेल त्याला चांगलं पाणी मिळायचं; उशिरा जाणाऱ्याला तळाचा गाळ. वस्तीमागच्या टेकाडावरून रस्ता लांबवर दिसतो. तिनं तिथं बसायचं, टँकर दिसला की हाक मारायची, मग बाकीची पोरं हंडे घेऊन पळायची. असं दोन-अडीच महिने चाललं. तिची हाक कधी कधी उशिरा यायची, पण यायची.

एके दिवशी आलीच नाही. शेजारीण भरलेला हंडा घेऊन दारावरून गेली तेव्हा मला कळलं. आम्ही पोचलो तर दोर खाली गेला की गढूळच वर येत होतं. तेच पाणी भरून आणलं, फडक्यातून तीनदा गाळलं. पोरगी टेकाडावरून उतरून आली आणि दाराशी उभी राहिली.

"कुठं हुतं ध्यान?" मी विचारलं.

"आवाज न्हाई आला," ती म्हणाली. "रस्त्यावर जेसीबी चालू हाय. त्याच्यात टँकरचा आवाजच न्हाई आला."

"कानानं बघतीस व्हय?" असं म्हणून मी तिला मारलं. एक चापट. जोरात लागली असावी, कारण गालावर बोटं उठली. ती रडली नाही. गाळलेला हंडा झाकून ठेवायला मला मदत करायला लागली. पोरीला मारण्याइतकं काही झालं नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं. पण सकाळपासून मी एकदाही खाली टेकले नव्हते, आणि समोर तीच होती.

आठवड्याभरात शाळेत पोरांचे डोळे तपासायला पथक आलं. दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या हातात चिठ्ठी होती.

"ताई, हिला लांबचं जवळजवळ काहीच दिसत नाही. फळ्यावरचं एक अक्षर वाचता आलं नाही तिला. शेजारची मुलगी पुटपुटते ते ऐकून लिहीत होती इतके दिवस." मग जरा थांबून म्हणाले, "मी दिवाळीनंतर तुम्हाला म्हणालो होतो, एकदा डोळे दाखवून आणा."

म्हणाले होते. मला आठवलं. मी त्यांनाही बघू म्हणाले होते.

पोरगी रोज टेकाडावर बसून खरंच कानानं टँकर बघत होती. आणि आपल्याला दिसत नाही हे तिनं सांगितलं का नाही, असं मी तिला विचारलं तर म्हणाली, "सगळ्यांना एवढंच दिसतं, असं वाटायचं मला."

सोमवारी तिला घेऊन नगरला गेले. बायकांना अर्ध्या तिकिटाची सोय झाली होती म्हणून एसटी परवडली. बाकीच्या पाचजणांना थोरलीवर सोपवलं. सरकारी दवाखान्यात दुपार झाली. नंबर बराच निघाला. बाहेरच्या दुकानात सगळ्यांत स्वस्त काड्यांचा, तपकिरी रंगाचा चष्मा घेतला; थोरल्या पोराची चप्पल त्या महिन्यात राहिली. चष्मा तयार होईपर्यंत आम्ही पायरीवर बसून घरून नेलेली चटणी-भाकरी खाल्ली. दुकानदारानं चष्मा डोळ्यांवर चढवला तेव्हा मी दाराशी भिंतीला टेकून उभी होते. तिनं माझ्याकडं बघितलं.

"मोठी आई, तू लई दमलेली दिसतीस."

दुकानदार हसला. मी तिचा हात धरला. "चल, गाडी चुकंल," एवढंच म्हणाले.

परतीच्या वाटेवर ती खिडकीला नाक लावून दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होती. मोटार रिवाइंडिंग, कृषी सेवा केंद्र, सलून, सगळं. माझं डोकं दुखत होतं. दोनदा गप्प बस म्हणावंसं वाटलं, पण म्हणाले नाही. करंजीच्या घाटात मला झोप लागली. जाग आली तेव्हाही ती वाचतच होती.

संध्याकाळी जावेला फोन केला. उसाच्या फडावरून नुकतीच कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, आली होती ती, मागं ट्रॅक्टरचे आवाज येत होते. मी सगळं सांगितलं. चापटीचंही सांगितलं. मला वाटलं, आता बोल लावेल. लावला असता तर बरं वाटलं असतं.

"ताई," ती म्हणाली, "आमी निघायचो ना दिवाळीला, तवा बाकीची तिघं हात करायची. ती नुसती उभी. मला वाटायचं, पोरगी रागावती माझ्यावर. हंगामभर तेच मनात घेऊन ऊस तोडायची मी. तिला मी दिसतच नव्हते व्हय?"

मग तिनं फोन ठेवला.

पुढच्या दिवाळीला ट्रॅक्टर निघाला तेव्हा पोरगी चष्मा लावून रस्त्यावर उभी होती. या वेळी तिला सगळं दिसलं, ट्रॉलीतली आई, आईचा डोळ्यांना लावलेला पदर, वळणापर्यंत. त्या दिवशी ती जी रडायला लागली ती चूल विझेपर्यंत थांबेना. याआधी तिनं कधी त्रास दिला नव्हता. मी तिला मांडीवर घेऊन बसले. एवढी मोठी पोरगी, कंबरेला रग लागली, पण उठले नाही. भाकरी त्या दिवशी थोरलीनं केल्या, जाड आणि करपलेल्या. सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ल्या.

आता ती सातवीत आहे. नंबर वाढतोच आहे, दर वर्षी नगरची एक फेरी असते. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली आहे. घरातली काटकसर आहे तशीच आहे, पोरं वाढली तशी भूक वाढली. यंदा मात्र एक बदल झाला. दिराला कारखान्याच्या ट्रॅक्टरवर चालकाचं काम मिळालं, तो एकटाच गेला, आणि जाऊ घरी राहिली. तिचेही गुडघे आता बोलतात.

तो गेला त्या संध्याकाळी तिनं मला चुलीपुढून उठवलं. "सरा, मी थापते," म्हणाली. मी भिंतीला पाठ टेकून बसले. भाकरी थापल्याचा आवाज ऐकत होते, पोरांची भांडणं ऐकत होते. मग तशीच बसल्या बसल्या झोपले. पोरांनी जेवून घेतलं, भांडी घासली गेली, आणि मला कुणी उठवलं नाही.