इंजेक्शनपुरतं हसू

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या आईचं हसू गेलं. मी तेव्हा नारपोलीच्या यंत्रमाग वस्तीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते आणि लग्न माझं मीच ठरवलं होतं, त्यामुळे कारण शोधायला कोणाला लांब जावं लागलं नाही. आई घरीच लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची. सकाळी बरी असायची. दुपार कलली की पापण्या उतरायच्या, आवाज नाकात जायचा. मी ठरवलेल्या मुलाविषयी काही सांगायला लागले की ओठ वाकडे करून माझ्याकडे बघायची. शेजारीण विचारायची, "भाभी गुस्से में हैं क्या?" वडील म्हणायचे, "तिला पसंत न्हाय. तोंडावरच दिसतंय." मग मीही फुगले. चूल एक, पण आम्ही दोघी कित्येक महिने धड बोललो नाही.

एकदा जेवताना पाणी तिच्या नाकातून बाहेर आलं. घाबरून तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला छताकडे बघत राहायला सांगितलं. पापण्या आपोआप मिटत गेल्या. मग त्यांनी शिरेतून एक इंजेक्शन दिलं.

आईचे डोळे टक्क उघडले. तिने मला पाहिलं आणि ती हसली. गाल वर गेले, किडका दात दिसला. स्वच्छ आवाजात म्हणाली, "पोरगा चांगला हाय. कवापासून हसून सांगतेय तुला."

आपलं हसू बाहेर पोचतच नव्हतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. मला रडू आवरेना. ती आणखी काही बोलणार, तेवढ्यात औषध ओसरलं आणि चेहरा पुन्हा खाली आला.

"नस निरोप धाडतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रसायन सुटतंय, स्नायूपर्यंत जातंय. पण स्नायूच्या पेशीवर ते धरून घेणाऱ्या जागा असतात. यांच्या शरीराने त्याच शत्रू समजून मोडल्यात. इंजेक्शनने रसायन जरा जास्त वेळ टिकलं, म्हणून उरलेल्या जागांना सापडलं."

हे सगळं मी फळ्यावर काढायचे. एक पेशी, एक बाण, दुसरी पेशी. बाण टेकला की धडा संपला. पलीकडे घेणारं कोणी नसेल तर काय, हे पोरांनी कधी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या. त्यांच्या जोरावर ती गिळायची, थोडं बोलायची. हसू काही परत आलं नाही. माझ्या लग्नात फोटोग्राफर म्हणाला, "आई, हसा की जरा." आता तिला आपलं हसू कसं दिसतं ते कळलं होतं. तिने पदर तोंडावर धरला.

पुढच्या वर्षी श्वासाचे स्नायूही निरोप घेईनासे झाले आणि ती गेली.

तिचा तेवढाच, पदर धरलेला फोटो घरात आहे. माझी मुलगी विचारते, "आजीला पप्पा आवडले नव्हते का गं?"

"खूप आवडले होते," मी सांगते. "हसतेय ती."

मुलगी फोटो डोळ्यांजवळ नेते, बराच वेळ बघते आणि ठेवून देते.