बारा पायऱ्यांचं वर्ष

पेंटरबाईंची शिडी तशी चौदा पायऱ्यांची. पण वरच्या दोन हाताने धरायला लागतात, म्हणजे उभं राहायच्या पायऱ्या बाराच. ती शिडी चष्मेवाल्याच्या दुकानाला टेकवून, बाह्या दुमडून बाई खाली उभ्या होत्या. वय एकसष्ट, डाव्या पायात सळई, आणि वर्षातला शेवटचा दिवस.

दुकानावरच्या याच बोर्डावरून त्या सव्वा वर्षापूर्वी खाली आल्या होत्या. लाल अक्षरांना काळी सावली द्यायचं काम चाललं होतं. सावली दिली की अक्षर कसं उठून उभं राहतं, नाहीतर आपलं बोर्डाला चिकटलेलं. आठांतली पाच झाली, सहाव्याला ब्रश लावला आणि पाय सटकला. पडता पडता ब्रशने पार खालच्या कडेपर्यंत एक काळा फराटा ओढला. बाई तीन महिने अंथरुणात आणि फराटा बोर्डावर. चष्मेवाला म्हणे, "जाऊ द्या हो बाई, कोण बघतंय वर?" लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढणाऱ्या माणसाने हे बोलावं, याचा बाईंना मोडलेल्या पायापेक्षा जास्त त्रास झाला.

लेक दवाखान्यात नर्स. दिवसभर मोडकी हाडं बघणारी. तिने निक्षून सांगितलं, "शिडी भंगारात जाणार. तू आता स्टुलावर बसून नंबरप्लेटा रंगव."

"एक वर्ष दे," बाई म्हणाल्या. "महिन्याला एक पायरी. चढायचं आणि त्या उंचीवरचं काम करायचं. एक जरी चुकली तर शिडी तुझी, मी स्टुलावर."

लेक कबूल झाली. तिला वाटलं, आई तिसऱ्या पायरीलाच गप्प बसेल. पोटची पोर, पण आईला ओळखलं नाही.

पहिल्या महिन्यात बाई पहिल्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि तिथेच कपभर चहा संपवला. काम म्हणाल तर एवढंच. दुसऱ्या महिन्यात गाड्या लावायच्या जागेतल्या खांबांवर आकडे रंगवले. चौथ्यात एका घरमालकाने फाटकावर स्वतःचं नाव मोठं आणि बायकोचं लहान काढायला सांगितलं. बाईंनी दोन्ही एकाच मापाची काढली. त्याने तोंड वेडंवाकडं केलं, तेव्हा बाई चौथ्या पायरीवरून म्हणाल्या, "लहान अक्षरं मला वरून दिसत नाहीत." पाचव्यात शाळेची भिंत रंगवली. सहाव्यात उगाच कौतुक झालं, ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

सातव्या पायरीवर मात्र पाय थिजले. खाली उतरवेना, वर जाववेना. दोन्ही हातांनी शिडी कवटाळून बाई पाऊण तास तशाच उभ्या. खाली चार माणसं जमली. "काय झालं?" म्हणून कोणी विचारलं, तर यांचं उत्तर, "रंग वाळायची वाट बघतेय." अजून डबा उघडलेलासुद्धा नव्हता. शेवटी एकेक पाऊल चाचपत खाली आल्या आणि घरी जाऊन रडल्या, भरपूर रडल्या. मग तोंड धुऊन लेकीला स्वतःच सगळं सांगितलं.

"मग संपलं," लेक म्हणाली.

"महिना कुठे संपलाय?"

महिन्याच्या शेवटच्या दिवशी बाईंनी सातव्या पायरीवरून पाण्याच्या टाकीवरचा आकडा काढला. तो थोडा वाकडा आहे. आठव्यात काही विशेष घडलं नाही. नववी, दहावी, अकरावी झाली, प्रत्येक वेळी भीती वाटली आणि प्रत्येक वेळी बाईंनी तिला सोबत घेऊनच काम उरकलं.

आणि आज बारावी. लेक रजा टाकून आली होती, हातात जावयाचं स्कूटरचं हेल्मेट. "हे घाल."

"मी काय स्कूटर चालवत जाणार आहे वर?" बाईंनी ते चष्मेवाल्याच्या काउंटरवर ठेवलं. लेकीने मग शिडीचे दोन्ही पाय घट्ट धरले. बाईंनी तेही पाहिलं.

कमरेला दोन डबे अडकवून बाई चढल्या. सातव्या पायरीवर जरा थांबल्या, मग निघाल्या. बाराव्या पायरीवर दोन्ही पाय टेकले. सहावं अक्षर, सातवं, आठवं. हात जुन्या सवयीने चालला. आता उरला फराटा.

"आई, तो पुसून टाक आणि ये खाली," लेक खालून म्हणाली.

चष्मेवाल्यानेही रॉकेलची चिंधी वर धरली. "पुसा बाई. झालं गेलं विसरा."

"विसरा काय? मी पडले होते, तुम्ही नव्हे," बाई म्हणाल्या. त्यांनी चिंधी घेतलीच नाही. लाल रंगात ब्रश बुडवला आणि फराट्यावरून फिरवला, अक्षरापासून बोर्डाच्या खालच्या कडेपर्यंत, कुठेही न थांबता. लाल वाळेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या, या वेळी खरोखरच रंग वाळायची वाट बघत. मग काळा घेतला आणि बाकीच्या आठ अक्षरांना दिली होती तशीच, त्याच जाडीची सावली फराट्यालाही दिली.