शिडी निशाणीचा उमेदवार

बावन्न सालच्या निवडणुकीत आमच्या भागातून एक अपक्ष उभा होता. निशाणी शिडी. लोकांना वाचता येत नाही, म्हणून तो खरीच बांबूची शिडी खांद्यावर टाकून वेल्ह्यापासून गावोगाव फिरे. विंझरला माझ्या शाळेपाशी तो असाच आला, एकटा.

शिडी दिसली की लोकांना निवडणूक आठवत नसे, वानरांनी विसकटलेली कौलं आठवत. कुणीतरी लगेच वर चढे आणि उमेदवार खाली शिडी धरून उभा राही. त्याचं सगळं भाषण एका शब्दाचं होतं, "जपून."

मी विचारलं, "अहो, मत कधी मागणार?"

"मानूस वर असताना कसं मागायचं, मास्तर? मत न्हाई दिलं तर शिडी काढीन, असं म्हटल्यावानी हुतंय."

"मग उतरल्यावर मागा."

"उतरल्यावर त्यो घाईत असतोय."

शाळेची कौलं मीही त्याच शिडीवरून सारखी केली. अंधारून आलं म्हणून एक ओळ राहिली. "फुडल्या खेपंला करू," तो म्हणाला.

मत मी दुसऱ्याला दिलं. तो पडला, आणि चांगलाच पडला.

आठवड्याभरात शिडी पुन्हा शाळेच्या दारात.

"निकाल लागला की हो," मी म्हणालो.

"व्हय. तुमची एक ओळ ऱ्हायलीया."

या वेळी तो स्वतःच वर चढला. मी खाली शिडी धरली. मत कुणाला दिलं ते सांगून टाकावं असं फार वाटलं. पण माणूस वर होता.

"जपून," मी म्हणालो.