डॉक्टरीणबाईंचा कोट

माझ्या मोठ्या जाऊबाईंना गप्प बसता येत नाही, हे मी लग्न होऊन घरात आले त्याच दिवशी मला कळलं. मी पायातली चप्पल काढते न काढते तोच त्यांनी घरातल्या प्रत्येकाचं दुखणं आणि खोड मला सांगून टाकली होती, स्वतःच्या नवऱ्याच्या घोरण्यासकट. बरं, मनात पाप नाही. पोटात एक आणि ओठात एक ही भानगडच त्यांना जमली नाही. जे पोटात असतं ते दुसऱ्या क्षणी ओठावर, आणि तिसऱ्या क्षणी सगळ्या गल्लीत.

आमच्या ल्यूथरन मंडळीत त्यांना सगळे दारताई म्हणतात. रविवारी उपासनेच्या आधी चर्चच्या दारात उभं राहायचं, येणाऱ्याचा हात हातात घ्यायचा, गीतांचं पुस्तक द्यायचं, नवं माणूस असेल तर त्याला बाकापर्यंत नेऊन बसवायचं, हे त्यांचं काम. पाळकसाहेब एकदा भर सभेत म्हणाले, "माझ्या प्रवचनाला कितीजण आले ते देवाला ठाऊक. पण दारताईंच्या तावडीत सापडलेला माणूस परत गेलेला मी पाहिला नाही." त्या दिवशी जाऊबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं, आणि आम्हाला ते वाक्य पुढं कितीतरी दिवस जेवणासोबत वाढण्यात आलं.

त्यांचं दुसरं काम म्हणजे कपड्यांची खोली. चर्चच्या मागं कोळसा ठेवायची एक जुनी खोली होती, ती झाडूनपुसून आम्ही तिथं दांड्या लावल्या. मंडळीतले लोक वापरातले पण चांगले कपडे आणून देतात. जाऊबाई ते धुतात, उसवलं असेल तिथं टाका घालतात, इस्त्री करून हँगरला लावतात. बुधवारी दुपारी ज्याला गरज असेल त्यानं यायचं, अंगाला लावून बघायचं आणि घेऊन जायचं. कुणी काही विचारायचं नाही. कुठला कपडा कुणाच्या घरून आला हे तर अजिबात तोंडातून काढायचं नाही. हा नियम खुद्द जाऊबाईंचा. एकदा ऑर्गन वाजवणाऱ्या बाई "अय्या, हा तर माझ्या नणंदेचा स्वेटर!" असं बोलून गेल्या, तर जाऊबाईंनी त्यांना असं झापलं की त्या बिचाऱ्या पुढं कितीतरी दिवस त्या खोलीकडं फिरकल्या नाहीत.

खांदा धरायला लागल्यापासून प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस ज्या वेदीवर मांडतात तिच्यावरचं लांबलचक पांढरं कापड जाऊबाई बाजारातल्या लाँड्रीत इस्त्रीला देतात. तिथं टेबलापाशी एक नवी बाई लागली होती. अंगानं काटकुळी, बोलायला कमी, हात मात्र झरझर चालायचा. कापडाची घडी उलगडून तिनं विचारलं, "हा कुठल्या हॉटेलातला टेबलक्लॉथ हो?" जाऊबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "हॉटेल नव्हे गं, चर्च. पण जेवायला बोलावणं तुलाही आहे. ये की रविवारी!" आणि ती खरंच आली. सोबत सातवीत शिकणारी मुलगी. नवरा नव्हता, का नव्हता ते जाऊबाईंनी पहिल्याच भेटीत काढून घेतलं आणि मला सांगितलं, पण ते मी इथं सांगणार नाही.

मायलेकी मागच्या बाकावर बसायच्या. मुलीला गाणी आवडायची. तिसऱ्या रविवारी तर तिनं पुस्तकात न बघता एक कडवं म्हटलं आणि जाऊबाईंनी दारातूनच मला डोळ्यांनी खुणावलं, बघ, कशी रुळली! थंडी वाढली तशी ती बाई एका बुधवारी एकटीच कपड्यांच्या खोलीत आली आणि एक कोट घेऊन गेली. लोकरीचा, गडद तपकिरी, रुंद कॉलरचा. तो आला होता आमच्या मंडळीतल्याच डॉक्टरीणबाईंकडून. त्याची बटणं तुटली होती, म्हणून जाऊबाईंनी आमच्या थोरल्या भाऊजींच्या जुन्या ओव्हरकोटाची बटणं काढून त्याला लावली होती. मोठी, शिंगाची, झकास बटणं. त्या बटणांपायीच सगळा घोळ झाला.

पुढच्या रविवारी ती बाई तो कोट घालून आली. छान दिसत होती. पहिल्यांदाच मान वर करून चालत होती. मुलगी तिच्या कोपराला धरून होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आईचं कौतुक अगदी उघड दिसत होतं. नेमक्या त्यांच्या मागून डॉक्टरीणबाई पायऱ्या चढत होत्या. दारात माणसांची दाटी. जाऊबाईंनी तिला पाहिलं आणि हरखून गेल्या.

"अगंबाई! काय शोभतोय गं तुला! डॉक्टरीणबाई, अहो इकडं बघा, तुमचा कोट हिला कसा बसलाय! मापाचा शिवल्यासारखा! आणि बटणं पाहिलीत का? ह्यांच्या ओव्हरकोटाची काढून मी लावली."

डॉक्टरीणबाई भल्या बाई. त्यांनी कोटाकडं पाहिलंसुद्धा नाही. "माझा? छे हो. माझा असा नव्हता," म्हणाल्या आणि आत जायला लागल्या.

दुसरं कुणी असतं तर इथं जीभ चावली असती. पण बाकी कशात हरतील, वादात जाऊबाई हरायच्या नाहीत. "नव्हता कसा? तुमचाच! आतल्या खिशाला शाईचा डाग आहे, मीच घासघासून दमले. थांबा, दाखवते." आणि त्यांनी चक्क त्या बाईच्या अंगावरच्या कोटाची कड धरून आतली बाजू उलटी केली.

डाग होता. सगळ्यांनी पाहिला. त्या बाईच्या आतल्या झग्याचं विरलेलं कापडही सगळ्यांनी पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलीनं आईचं कोपर सोडलं, आणि आईकडं नुसतं बघत राहिली.

ती बाई आत गेली, मागच्या बाकावर बसली, कोट काढून मांडीवर ठेवला. उपासनेच्या सुरुवातीला आम्ही सगळे मिळून पापकबुली म्हणतो. मिळून म्हटलेली कबुली सोपी असते, आपण नेमकं काय केलं ते सांगावं लागत नाही. जाऊबाई खणखणीत आवाजात म्हणत होत्या. त्यांना अजून काही कळलंच नव्हतं. प्रभुभोजनाच्या आधीचं गीत सुरू झालं तेव्हा मायलेकी उठल्या आणि दारताईंच्या समोरून, दारताईंच्या दारातून, तशाच थंडीत बाहेर पडल्या. बाकावर कोट नीट घडी घालून ठेवलेला होता. इस्त्रीवालीची घडी, कुठं चुणी नाही.

तो कोट हातात घेतल्यावर जाऊबाईंच्या ध्यानात आलं, आणि त्या त्याच बाकावर बसून राहिल्या. त्या दिवशी वेदीपुढं प्रभुभोजनाला त्या गेल्या नाहीत.

घरी येऊन बोलायचं नाव नाही. भाऊजी घाबरले, म्हणाले, "ताप आहे का बघा गं हिला." मी चहा दिला तर म्हणाल्या, "मी त्या ऑर्गनवालीला झापलं होतं ना गं?" मी हो म्हटलं. काय म्हणणार? "हे हात तोडून टाकावेसे वाटतात. तिच्या अंगावरचा कपडा उलटा केला मी. चार लोकांत. आणि कशासाठी, तर माझी बटणं दिसावीत म्हणून." त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. धीर द्यावा असं काहीच मला सुचेना, कारण त्या म्हणत होत्या ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन पाळकसाहेबांकडं गेल्या. म्हणाल्या, आता मी दारात उभी राहणार नाही. आणि नवं कापड आणून त्या बाईला कोराकरकरीत कोट शिवून देते, मुलीलाही एक.

पाळकसाहेब चष्मा पुसत बसले होते. "दारताई, कोट शिवलात की तुम्हाला बरं वाटेल. पण तिनं पुन्हा तुमचा दिलेला कोट घालून हिंडायचं?"

"मग काय करू?"

"माफी मागायला जा. आणि रिकाम्या हातानं जा."

जाऊबाई आयुष्यात कुणाच्या दारी रिकाम्या हातानं गेल्या नसतील. त्या दिवशी लाँड्रीपर्यंत चालताना हात कुठं ठेवावेत तेच त्यांना कळेना. एकदा पदरासारखा शालीचा काठ धरला, एकदा माझा दंड धरला.

लाँड्रीत वाफ भरली होती. दोऱ्यांवर लोकांचे शर्ट, चादरी, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी टाचलेली. ती बाई टेबलापाशी होती. मुलगी शाळेतून येऊन कोपऱ्यात स्टुलावर बसून चिठ्ठ्या टाचत होती. आम्हाला बघून बाईनं इस्त्री उभी केली.

"बोला, ताई. कापड आणलंत?"

"नाही गं. माफी मागायला आले." जाऊबाईंचा आवाज मला ओळखू येईना. "मी वाईट वागले. तुला चार लोकांत उघडं पाडलं. माझी जीभ... नाही, नुसती जीभ नाही. मलाच मिरवायचं होतं."

बाईनं एक शर्ट टेबलावर पसरला आणि खाली बघत हळूच म्हणाली, "तुमच्यावर राग नाही हो, ताई. कोट दुसऱ्याचा होता ते मला ठाऊकच होतं, मीच नाही का घेऊन गेले? हिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं होतं, नवा घेतला. शाळेत सगळ्यांना सांगून आली होती पोरगी, माझ्या आईनं नवा कोट घेतला म्हणून."

जाऊबाईंनी मुलीकडं पाहिलं. मुलगी खाली मान घालून टाचण्या लावत होती.

"आता काहीही दिलं की विचारते, हे कुणाचं," बाई म्हणाली. "बूट कुणाचे, दप्तर कुणाचं. काल रात्री मी भात वाढला, तर तांदूळ कुठून आणले म्हणाली. मी रागवत नाही. एकदा खोटं बोलले ना मी." मग तिला आमचं उभं राहणं जाणवलं असावं. "बसा ना तुम्ही. अगं, ताईंना पाणी दे."

मुलगी उठली. माठातून ग्लास भरून आणला, दोन्ही हातांनी जाऊबाईंपुढं धरला. रीतभात चांगली होती पोरीची. जाऊबाईंनी ग्लास घेतला तेव्हा तिनं त्यांच्याकडं सरळ बघितलं.

"ग्लास दुकानाचा आहे," ती म्हणाली. "आमचा नाही."