उजव्या क्रँकचा काटा

बाबांच्या सायकलचा क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, मी पहिल्यांदा उघडला तेव्हा मला ओकारी आली. कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागाच्या मागे, मुतारीला लागून एक अरुंद पडवी होती. तिथल्या गटारात ओकले, तोंड धुतलं आणि परत येऊन खाली बसले. दुसरं कोणी ते काम करणार नव्हतं.

बाबा भाट्याचे. सकाळी बंदरावर मासे घ्यायचे, दोन टोपल्या कॅरियरला बांधायचे आणि चढ चढून वरच्या माळावर, सड्यावर यायचे. तिथून गोळप, पावस, मधल्या आंब्याच्या बागा, असे दारोदार विकत जायचे. टोपल्यांतून सतत पाणी ठिबकायचं. मासळीचं ते पाणी वर्षानुवर्षं चेनवर, क्रँकवर, आतल्या बेअरिंगच्या कपांत झिरपत गेलं होतं. मी क्रँक अडकवणारी खीळ, कॉटर, ठोकून काढली आणि क्रँक सुटला, तेव्हा आत ग्रीस असं उरलंच नव्हतं. काळा चिखल होता, त्यात खवले चिकटलेले, आणि त्या चिखलात बारीक पांढरे किडे वळवळत होते. शिपाई नाकाला रुमाल लावून दारात आला, बघितलं आणि "प्रयोगशाळेत आणू नको हां हे," म्हणून निघून गेला.

हे सगळं मीच ओढवून घेतलं होतं. ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनासाठी काहीतरी करायचं होतं. बाकीच्यांनी नेहमीचंच घेतलं होतं, पाण्याचा अलार्म नाहीतर सौरचूल. मला बाबांचा चढ मोजायचा होता. माणूस पायडल मारतो तेव्हा नक्की किती शक्ती लावतो, हे सायकलवरच कळायला हवं, असं माझ्या डोक्यात होतं. भौतिकशास्त्राच्या सरांना सांगितलं. सर हुशार होते, हे आजही मान्य करते. त्यांनी मुंबईहून तारेच्या जाळीच्या पातळ पट्ट्या आणल्या. लोखंड किंचित वाकलं की ती पट्टी ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध बदलतो. क्रँकला तशा पट्ट्या चिकटवायच्या, म्हणजे पाय जितका जोरात दाबेल तितका क्रँक वाकेल आणि तितका काटा हलेल. काटा जोर दाखवणार. मिनिटाला पायडलचे फेरे किती होतात ते मोजून त्याच्याशी हिशेब मांडला की शक्ती निघते.

पट्ट्या एकाच बाजूला पुरतील एवढ्या होत्या. म्हणून उजवा क्रँक.

रॉकेलने तो तीनदा धुतला तरी वास जाईना. मग सँडपेपरने घासून चकचकीत केला, स्पिरिटने पुसला, पट्ट्या चिकटवल्या आणि वरून रबराचा तुकडा ठेवून शिकंज्यात आवळला. क्रँक फिरता आणि काटा स्थिर, मग वीज आणायची कशी? त्यासाठी चेनव्हीलच्या आतल्या बाजूला वीज न वाहणाऱ्या एबोनाइटची चकती बसवली, तिच्यावर तांब्याच्या कड्या आणि कड्यांना टेकून जुन्या मोटरमधले कार्बनचे तुकडे. सरांनी छोटा ॲम्प्लिफायर जोडून दिला. मग पायडल आडवं धरून त्याला किराणा दुकानातून आणलेली लोखंडी वजनं टांगली आणि काटा कुठे जातो त्याच्या खुणा केल्या. वजन दुप्पट केलं की काटा जवळजवळ दुप्पट जायचा. त्या दुपारी मला फार बरं वाटलं. हाताला मासळीचा आणि रॉकेलचा मिळून जो वास बसला होता तो लाल साबणाने आठवडाभर गेला नाही. वर्गात माझ्या बाकावर कोणी बसायचं नाही.

खरी चाचणी चढावरच घ्यायची होती. रविवारी बाबा माल देऊन आल्यावर मी त्यांना म्हटलं, "आज टोपल्यांच्या जागी मी बसते."

"तू?"

"दोन टोपल्यांएवढंच वजन आहे माझं."

"मग वास कमी येईल," बाबा म्हणाले आणि हसले.

तारा कॅरियरपर्यंत ओढल्या होत्या. काट्याची पेटी मांडीवर घेऊन मी मागे बसले. भाट्याच्या पुलाजवळून निघालो, सपाटीवर काटा हळूच उचलायचा आणि खाली यायचा, घड्याळाच्या लंबकासारखा. मग चढ लागला. बाबा सीटवरून उठले. त्यांचा शर्ट माझ्या डोळ्यांदेखत ओला होत गेला, श्वास चिरका झाला, मानेच्या शिरा दिसायला लागल्या. आणि काटा मात्र सपाटीवर होता तिथेच. उलट थोडा खालीच.

मला वाटलं कार्बन निसटला. उतरून बघितलं, नीट टेकला होता. पुन्हा बसले, पुन्हा तेच. मग बाबांना रस्त्याकडेला उभं केलं, पेटी हँडलला अडकवली आणि ओढणी कमरेला खोचून मी स्वतः त्या चढावर पायडल मारलं. काटा तिसऱ्या खुणेपर्यंत उडाला. यंत्र ठीक होतं.

परत येऊन बाबांजवळ उभी राहिले. ते जांभ्या दगडाच्या कुंपणावर, गडग्यावर बसले होते, उजवा पाय लांब करून.

"बाबा, उजवा गुडघा दुखतो?"

"नाय गो."

"तुम्ही उजव्या पायाने दाबतच नाही. सगळं डाव्याने ओढता."

त्यांनी पाय जवळ ओढून घेतला. समोरून एक बैलगाडी गेली.

"दोन पावसाळे झाले," ते म्हणाले. "होडी ओढताना मुरगळला होता."

"सांगितलं का नाही?"

"सांगून काय? मासे कोण नेणार, तू?"

घरी जाऊन गुडघा बघितला तर डाव्याच्या दीडपट सुजलेला. आई रोज त्यांना तेल लावून द्यायची आणि माझ्याजवळ तिने त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. मला त्या दोघांचाही राग आला. पण प्रदर्शन झालं की त्यांना सिव्हिल हॉस्पिटलला न्यायचंच, असं मी ठरवलं, आणि सोमवारी सरांना सगळं सांगितलं. आनंदाने सांगितलं. माणूस लपवतो ते यंत्राने दाखवलं, याचा मला अभिमान वाटत होता.

सर म्हणाले, "फार छान. हेच दाखवू आपण."

हेच म्हणजे काय, ते मला प्रदर्शनाच्या दिवशी कळलं. मला साडी नेसायला लावून स्वागताला उभं केलं होतं. हॉलमध्ये आमची सायकल स्टँडवर, मागच्या रिमला लाकडी ठोकळा आवळून रोध दिलेला. प्रमुख पाहुणे जिल्ह्यातले एक मोठे बागाईतदार, सभा-समारंभांतले. तोंडात पान, कपाळावर गंध, मागे दहा-बारा माणसं. ते आमच्या टेबलाजवळ आले तेव्हा मी बोलायला तोंड उघडलं, आणि सरांनी मला हाताने मागे केलं.

"साहेब, हे यंत्र कोणाच्या पायात किती दम आहे ते सांगतं. हिचे वडील मासे विकतात. त्यांचा एक पाय निकामी आहे, ते हिलाही माहीत नव्हतं. यंत्राने चोरी पकडली."

"अरे वा," पाहुणे म्हणाले. "कुठे आहे चोर?"

आणि दारातून बाबा आले. सरांनी शिपायाला पाठवून त्यांना बोलावलं होतं. मला सांगितलं नव्हतं. धुतलेला शर्ट, केसांना खोबरेल, पायात माझ्या मामेभावाकडून मागून आणलेल्या चपला. त्यांना वाटलं होतं लेकीचा सत्कार आहे. पाहुण्यांनी खिशातून रुमाल काढून नाकाशी धरला. बाबा अंघोळ करून आले होते, त्यांना कसलाही वास येत नव्हता. रुमाल सवयीने निघाला होता.

"बसा, बसा, मामा. जरा पायडल मारा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नको म्हटलं. तोवर सरांनी त्यांचा दंड धरून त्यांना सीटवर बसवलं होतं. बाबांनी पायडल मारायला सुरुवात केली. काटा थोडा हलला, पडला, हलला, पडला. कोणीतरी मागून म्हणालं, "जोर लावा, मामा, भाकरी खाल्ली नाय काय?" सगळे हसले. बाबांनी उजव्या पायाने खरंच जोर लावला. त्यांच्या तोंडावर वेदना मला दिसली, आणि लगेच त्यांनी ती हसण्याखाली झाकली. पाहुण्यांसमोर, सरांसमोर ते हसत होते. कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता आणि ते हसत होते. ते हसू मला त्या किड्यांपेक्षा असह्य झालं.

"उतरा, मी दाखवतो," पाहुणे म्हणाले. धोतर सावरून ते चढले, सगळं अंग उजव्या पायडलवर टाकलं. काटा शेवटच्या खुणेला आपटला आणि तिथेच थरथरत राहिला. टाळ्या. "यंत्र कमी पडलं साहेबांना," सर म्हणाले. माझे सर. ज्यांनी मला जोर आणि शक्ती यांतला फरक शिकवला होता. नुसतं उभं राहिलं तरी वजनाने काटा जातोच, हे त्यांना माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? पाहुणे उतरले, खिडकीतून बाहेर पानाची पिंक टाकली. अर्धी चौकटीवर पडली आणि लाल लाळेचा ओघळ खाली आला.

"आता परत मामांना बसवा. बघू, आमच्या निम्म्याला तरी येतात काय."

मी पुढे झाले आणि बॅटरीची तार उपटून काढली. काटा शून्यावर गेला.

"बंद पडलं," मी म्हटलं.

सर माझ्या कानाजवळ आले. "जोड."

"नाही जोडणार."

"प्रॅक्टिकलचे मार्क माझ्याकडे आहेत, लक्षात ठेव."

"बाबा, चला," मी म्हटलं. पाहुणे एव्हाना पुढच्या टेबलावर सौरचुलीत शिजलेला भात चाखत होते. त्यांना काही फरक पडला नव्हता, आणि तेच मला सर्वांत जास्त झोंबलं.

सायकल हाताने ढकलत आम्ही बाजारातून निघालो. बाबा लंगडत होते आणि आता ते लपवत नव्हते. पुलावर आल्यावर ते म्हणाले, "मोठी माणसं. हसतात थोडी. तू तार कशाला काढलीस?"

"तुम्ही का हसत होता?"

"मग काय रडू?"

मी सायकल पुढे ढकलली. 

त्याच आठवड्यात मी त्यांना सिव्हिलला नेलं. डॉक्टरांनी गुडघ्यातलं पाणी काढलं, आतली गादी झिजली आहे म्हणाले, आणि चढ बंद करायला सांगितला. बाबांनी ऐकलं नसतं, पण आईने टोपली उचलली. ती एसटीने पावसला जाऊ लागली. कंडक्टर तिला मागच्या दारात बसवायचा आणि माणसं खिडक्या उघडायची. बाबा पुलाच्या टोकाला बसून विकू लागले. गिऱ्हाईक कमी झालं, गुडघा मात्र टिकला.

सरांनी मला प्रॅक्टिकलला पास केलं, जेमतेम. वर्षअखेरीस त्यांनी त्या यंत्राचं टिपण कुठल्याशा संमेलनात वाचलं आणि त्यात एका मच्छीविक्रेत्याचं उदाहरण होतं असं मैत्रिणीने सांगितलं. पुढे मी स्वतः शाळेत विज्ञान शिकवू लागले. सर निवृत्त झाले तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी सत्कार ठरवला आणि मला दोन शब्द बोलायला बोलावलं. निरोप घेऊन आलेल्या मुलीला मी चहा दिला आणि येणार नाही म्हणून सांगितलं. तिने कारण विचारलं. मी म्हटलं, त्यांच्याबद्दल माझ्याकडे दोनच शब्द आहेत आणि ते सत्काराला चालणार नाहीत.