पाण्यात उतरवणाऱ्या वसुधाताई

वसुधाताई मला प्रथम भेटल्या तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि माझा उजवा गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडला होता. मला हिमोफिलिया आहे. रक्त लवकर गोठत नाही. लहानपणापासून गुडघ्यात आतल्या आत रक्त साचत गेले आणि सांधा झिजला. सातपाटीत घरची बोट असूनही मी ओट्यावर बसून जाळी दुरुस्त करी. आईने मला समुद्रात कधी उतरू दिले नव्हते.

ताई पालघरच्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होत्या. माझ्यासमोर जमिनीवर बसून त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्याभोवती ठेवले. मग विचारले, "स्वप्नात चालता का हो कधी?"

"चालत नाय. पोहतो."

ताई हसल्या नाहीत. त्यांनी ते माझ्या कागदावर लिहून घेतले.

महिन्याभरात त्यांनी बोईसरच्या एका वसाहतीतला तरणतलाव दुपारपुरता मागितला. तिथले व्यवस्थापक घाबरले. "पाण्यात रक्त आले तर?"

"ह्यांचे रक्त आत, सांध्यात साचते," ताई म्हणाल्या. "तेच थांबवायला आलोय."

डॉक्टरांनी आधी फॅक्टरचे, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या घटकाचे, इंजेक्शन दिले. मग ताई माझा हात धरून स्वतः पाण्यात उतरल्या. पाणी छातीपर्यंत आले आणि इतक्या वर्षांचे पायाचे ओझे कुठे गेले कळेना. तळाशी उन्हाची जाळी हलत होती, तिच्यात माझा वाकडा पाय दुसऱ्या कुणाचा असावा तसा तरंगत होता. मी जागा आहे की नाही, याचीच मला खात्री वाटेना.

तिसऱ्या महिन्यात मात्र गुडघा सुजून तापला. पुन्हा फॅक्टर, बर्फ, अंथरूण. आता जायचे नाही, असे मी ठरवून टाकले. चौथ्या दिवशी ताई वाळत घातलेल्या बोंबलांमधून वाट काढत आमच्या दारात आल्या आणि आईला म्हणाल्या, "व्यायाम वाढवायची घाई मी केली. चूक माझी आहे."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "येवढ्या लांब चूक सांगाया कोन येतं? ताई, आमी रागावलो नाय. तुमी फक्त त्याला सोडू नका."

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा पाण्यात उतरलो. दुपारी पाणी, रात्री पायाला आधाराची पट्टी, असे दीड वर्ष गेले. गुडघा पूर्ण सरळ झाला नाही. शस्त्रक्रिया कधीतरी करावी लागेल, हे ताईंनी माझ्यापासून लपवले नाही. पण एका सकाळी टाच जमिनीला टेकली. त्या दिवाळीत वडिलांनी हात दिला आणि मी आमच्या बोटीवर चढलो. किनारा हळूहळू धूसर होत गेला. वडील सारखे डोळे पुसत होते.

आज मी ताईंच्या हाताखाली काम शिकतो. पंच्याहत्तराव्या वर्षीही त्या रुग्णाबरोबर तलावात उतरतात. परवा बोईसरजवळच्या सरावलीचे एक कामगार आले होते, घोटा निकामी होत चाललेला. पाण्यात उभे राहून ते भांबावून म्हणाले, "दीदी, पैर है कि नहीं, पता ही नहीं चल रहा।"

"है," ताई म्हणाल्या. "मैंने पकड़ा है।"

ताई, तुम्हांला खूप मोठे आणि निरोगी आयुष्य लाभो. आमचे पाय अजून तुमच्या हातात आहेत.